मामाचे मुंबईचे मोजे

मोठेपणाचं दुखणं कसं असते, ते आमच्या धामणगावच्या मामाले पाहून समजते. त्याच्या पायाच्या नसा फुगून दोरखंडासारख्या झाल्या, तवा मलकापूरच्या डॉक्टरनं मुंबईहून घट्ट इलॅस्टिकचे मोजे मागवून देले. "सकाळी उठल्याबरोबर घाला, झोपतानाच काढा," असं बजावलंही.

मामानं ते पेटीत जपून ठेवले आन् काढले थेट पोरीच्या लग्नात. तेही धोतरावरून चढवले!

मी म्हटलं, "मामा, हे धोतराच्या आतून घालतात."

"मंग दिसतीन कोनाले बे?"

पुढं पायाले घाव पडला. डॉक्टर चिडले, "मोज्यांनी काहीच फरक पडला नाही?"

मामा म्हने, "पडला ना साहेब! लग्नभर व्याही माह्या पायाकडंच पाहून राह्यला होता."