दोन खुर्च्यांपुरती सावली

नाही, पण तुम्ही मला एक सांगा, एक छप्पर निवडायला माणसं लागतात तरी किती? एक? दोन? आमच्याकडे अख्खं घर लागलं, वर दुकानातला तो सेल्समन, आणि एवढं करून जे काय गळ्यात पडलं ते... थांबा, आधीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे, त्यात वाद नाही, पण का फिरलं ते तरी ऐका!

तर आम्ही कॅरॅव्हॅन घेतली. पहिलीच. तीही सेकंडहँड. म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली हो, दोन माणसं झोपतील, एक शेगडी, एक बेसिन, संपलं. आमचे बाबा तिला डबा म्हणतात. म्हणू देत. आता तुम्ही विचाराल, घेतली कशाला? तर तुम्हाला सांगतो, मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसतो, दिवसभर काचेतल्या त्या गोल भोकातून लोक माझ्यावर ओरडतात. आमची ही फोनवर तक्रारी घेते, तिच्यावर थेट कानात ओरडतात. संध्याकाळी दोघं घरी यावं, तर घरात बाबा, बाबांची बहीण म्हणजे आमची आत्या, आणि हिचा धाकटा भाऊ, जो नोकरी लागेपर्यंत म्हणून राहायला आला होता आणि नोकरी लागून जुनी झाली तरी आहेच! माणसं वाईट नाहीत हो. जीव लावतात. पण किती लावावा? चप्पल काढतोय तोवर एक हाक, पाणी पितोय तोवर दुसरी! लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एका जागी नुसते गप्प बसलोय असं कधी झालंच नाही. एकदा भांडी विसळता विसळता ही म्हणाली, "अहो, एकदा तरी दोघंच बसू या ना कुठेतरी. कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी." बास. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट. खरं सांगतो, मला भरून आलं. म्हणून कॅरॅव्हॅन. एक तळं बघून ठेवलं, दोघांनी रजा टाकली, आता फक्त दारापुढे ऊन लागू नये म्हणून छप्पर तेवढं राहिलं होतं. त्याला ऑनिंग म्हणतात. गाडीच्या वरच्या कडेला खाच असते, तीत कापडाची कड सरकवायची, पुढे दोन काठ्या उभ्या करायच्या, झालं. मला काय हवं होतं हो? दोन खुर्च्यांपुरती सावली!

पण त्याला माप लागतं. आणि माप कसं घ्यायचं, तर एका बाजूच्या जमिनीपासून सुरू करायचं, खाचेखाचेने वर चढायचं, छपरावरून फिरून दुसऱ्या बाजूला परत जमिनीपर्यंत. आमची टेप निम्म्यातच संपली. मी म्हटलं, दुसरी टेप आणतो. सरळ आहे की नाही? पण सरळ काही करतील ते आमच्या घरातले कसले! आत्या म्हणाली, "टेपेला कशाला पळतोस? माझी लोकर घे." विणायची लोकर! ती घेऊन बाबा स्टुलावर चढले, खाली मेहुणा स्टूल धरून, आत्या गुंडा सोडतेय, आणि बाबा काय हळुवारपणे ती लोकर ठेवतायत... जसं काही गाडीला गुदगुल्या होतील! सैल, अगदी सैल. जमिनीला टेकली तिथे गाठ मारली. "घे, हे तुझं माप." मी मान डोलावली. वाद घालायचा म्हटलं तरी अंगात जोर लागतो ना?

मग दुकान. मी आणि ही दोघंच जाणार होतो. गाडीत बसून आरशात बघतो, तर मागे तिघं! "आम्ही काय, नुसते बघायला." त्या दुकानात सगळी छपरं ताणून उभी केलेली, आणि एका कोपऱ्यात, तुम्हाला सांगतो, एक छोटंसं होतं. हँडल फिरवलं की बाहेर येणारं, साधं, फिकट निळं. खाली दोन खुर्च्या मांडलेल्या. दोनच! मी बसलो, शेजारी ही बसली. तिने पायातल्या चपला काढल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. म्हणाली, "हेच." मीही म्हटलं, हेच! तिथे खरं म्हणजे विषय संपला होता. पैसे द्यायचे, घरी यायचं. पण डोळे उघडले तर समोर बाबा उभे.

"अरे, पण मी कुठे बसू?"

आता काय सांगता? आपल्याच बापाला सांगता येतं का, की बाबा, तुम्ही नाही बसायचं? तुमच्यापासून जरा लांब जायला तर घेतोय? जीभ उचलते का? माझी नाही उचलली. आणि मी गप्प बसलो म्हणजे हो म्हटलं, असा आमच्याकडे कायदाच आहे! झालं, बाबा येणार. बाबा येणार तर त्यांच्या गोळ्या कोण बघणार, म्हणून आत्या येणार. हे दोघं येणार तर सामान कोण उचलणार? मेहुणा एका पायावर तयार. तो सेल्समन मुंगळ्यासारखा चिकटलेला होताच. "सर, फॅमिली किती? पाच? सर, मग हे बेसिक तुम्हाला नाही पुरणार. लोक घेतात, मी नाही म्हणत नाही, पण मग वर्षभरात परत येतात आणि मला म्हणतात, तुम्ही आधी का नाही सांगितलं? म्हणून मी आधी सांगतो, सर." बाबा म्हणाले, "उंच पाहिजे, मी वाकणार नाही." आत्या म्हणाली, "रंग मळखाऊ घ्या, हा निळा दोन दिवसांत काळा होईल." मेहुणा म्हणाला, "दाजी, तिन्ही बाजूंनी पडदे घ्या आणि आत ती कापडी बेडरूम लावू, मी आरामात झोपेन." अहो, मला काय हवं होतं? दोन खुर्च्यांपुरती सावली! पण मला विचारतंय कोण! मी हिच्याकडे बघितलं. ती खाली वाकून परत चपला घालत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं हो, तेवढी तरी सोबत झाली असती.

सेल्समन म्हणाला, "मापाप्रमाणे शिवून देतो, फक्त शिवलेलं परत घेत नाही बरं का, सर." माप कुठंय? आत्याने पर्समधून लोकर काढली. एक टोक मेहुण्याने धरलं, दुसरं सेल्समनने, आणि मेहुणा काय म्हणतो, "सैल नको, व्यवस्थित ताणून धरा, मापात घोळ नको." आणि ताणली! आता लोकर ती, ताणली की वाढत जाते, हे दोघं ओढतात तेवढी ती ताणते... गाडीवर सैल टाकलेली, टेपेवर खेचलेली! मी तोंड उघडलं होतं, खोटं नाही सांगत, "अहो, ती लोकर..." एवढं बोललोही होतो. बाबा म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस, ते मोजतायत."

आलं छप्पर. मळखाऊ. उंच. लावलं अंगणात, "एकदा लावून बघू" म्हणून. मोठ्या भावाची पँट धाकट्याला घातल्यावर कशी दिसेल, तशी आमची कॅरॅव्हॅन दिसायला लागली. जिकडे तिकडे झोळ, पुढच्या काठ्या दमून गुडघे टेकल्यासारख्या. मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं! म्हटलं चला, सुटलो, हे इथेच टाकू आणि उन्हात तर उन्हात, दोघंच जाऊ. पण आमचा मेहुणा हुशार. "दाजी, टेन्शन घेऊ नका," म्हणाला, आणि छपराची पुढची कड उचलून ओढत ओढत नेली ती थेट घराच्या भिंतीला, खिडकीच्या गजांना बांधली. झोळ गेला! एक बाजू कॅरॅव्हॅनला, एक बाजू घराला, मध्ये ही ऐसपैस सावली. बाबांनी आपली आरामखुर्ची आणली. आत्याने चटई टाकली. मेहुण्याने पंखा आणला, वायर खिडकीतून आत. शेजारचे निवृत्त साहेब "काय चाललंय?" म्हणत डोकावले, ते तिथेच पेपर उघडून बसले. सगळे म्हणायला लागले, हे आधी का नाही सुचलं आपल्याला!

आणि आमची रजा सुरू झाली. सकाळी पिशव्या भरल्या, दोन कप, दोन ताटल्या, दोन घडीच्या खुर्च्या. कॅरॅव्हॅन गाडीला जोडली, छप्पर तेवढं मेहुणा सोडणार होता. त्या दिवशी बाबांची पाठ जरा धरली होती, म्हणून कुणीच येणार नाही असं ठरलं होतं. म्हणजे दोघंच! ही शेजारी बसली, केस बांधले, माझ्याकडे बघून हसली. मी गाडी सुरू केली, हळूच पुढे घेतली, वीतभर, आणि मागून एकच गलका. "थांब! थांब! दोरी ताणतेय! अरे, छप्पर आमच्या अंगावर येईल!" मी म्हटलं, मग सोडा की ती. बाबा म्हणाले, "सोडू? आत्ता? एवढ्या उन्हात? आम्ही बसायचं कुठे?" आत्या म्हणाली, "जाल रे, तळं कुठे पळून जातंय?" मी हिच्याकडे बघितलं. तिने हात पुढे केला आणि चावी फिरवून गाडी बंद केली. मी नाही, तिने.

काय करणार? उतरलो. पिशव्या उचलल्या, खुर्च्या उचलल्या, आत गेलो. आणि तुम्हाला सांगतो... घरात कुणी नव्हतं! कुणीच! सगळे बाहेर छपराखाली. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या उघडल्या, चहा ठेवला, बसलो. थोड्या वेळाने ही म्हणते, "अहो, ऐकू येतंय का?" मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "काहीच नाही." आणि तिने चपला काढून पाय लांब केले. याच्यासाठी आम्ही कॅरॅव्हॅन घेतली, याच्यासाठी ती लोकर, तो सेल्समन, ते सगळं, आणि आपल्याच ओट्यापाशी... मला काय हवं होतं, दोन खुर्च्यांपुरती...

तेवढ्यात खिडकीतून बाबा. "अरे, आत कोंडून काय बसलाय? इथे बघ किती निवांत आहे! आणि हे बघ, साहेबांच्या घरचेही आलेत, त्या दोन खुर्च्या जरा बाहेर दे."

दिल्या. देणार नाही तर काय!

आता आम्ही फरशीवर बसतो. रोज, दोघंच, ओट्याला पाठ टेकून. गार असते हो फरशी. पण तुम्ही हे कुणाला बोलू नका... आमचे सगळे फरशी बघायला आत येतील.