दुसरं पाकीट

मंगलाबाई : पाचच दे वं बाई. ती लाल-पिवळी कॅप्सूल. नातीचा गळा सुजेल शे, पाणी बी गिळता येत नही तिले.

हर्षदा : डॉक्टरांची चिठ्ठी कुठेय?

मंगलाबाई : कसली चिठ्ठी? दवाखान्यात मोठी लाइन शे. आपल्या पांडेसऱ्यात सगळे मेडिकलवाले सुट्ट्या कॅप्सूल देतात. अन् तू तर घरची पोर. माझ्या गजेंद्रची बहीण.

हर्षदा : चुलत बहीण. आणि काउंटरच्या पलीकडे उभे आहात तोवर तुम्ही गिऱ्हाईक.

मंगलाबाई : बाप रे! 'तुम्ही' म्हणतेस माले? मोठी माय, मोठी माय करत पदर सोडत नव्हतीस.

हर्षदा : नव्हते सोडत. अकरा वर्षांची होईपर्यंत. आई मावशीच्या बाळंतपणाला शिरपूरला गेली होती, मला तुमच्या खोलीवर ठेवून. आठवतं?

मंगलाबाई : आठवतं ना. असाच घसा सुजेल व्हता तुझा. पाठीवर टाकून मीच नेलं दवाखान्यात.

हर्षदा : नेलंत. डॉक्टरांनी दोन पाकिटं दिली. सकाळी एक कॅप्सूल, रात्री एक, दहा दिवस. मला एकच पाकीट मिळालं. दुसरं कुठे गेलं?

मंगलाबाई : गजेंद्रचा बी घसा दुखत व्हता त्याच टायमाले. मिलमध्ये नवा लागेल व्हता, खाडा करता येत नव्हता. अन् तू तर पाचव्या दिवशी गल्लीत दोरीवर उड्या मारत होतीस.

हर्षदा : तिथेच फसगत होते. ताप उतरतो, पण जंतू घशात ठाण मांडून बसतात. दादाला तर नुसती सर्दी होती, तिच्यावर ही कॅप्सूल चालतच नाही. त्याला उपयोग नाही आणि मला अर्धं औषध. महिन्याच्या आत माझे गुडघे सुजले. मग जिना चढताना दम लागायला लागला. हृदयाची झडप खराब झाली. तेरा वर्षं झाली, दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन. उद्याचीच तारीख आहे.

मंगलाबाई : देवाची करणी ती. त्यात कॅप्सूलचा काय दोष? गजेंद्रले काय झालं? धडधाकट शे.

हर्षदा : आहेच ना. त्याचं लग्नही झालं. माझं जमत आलेलं तुम्ही मोडलंत. नवापूरच्या पाहुण्यांच्या कानात कोणी घातलं, पोरीचं काळीज कच्चं आहे म्हणून?

मंगलाबाई : मग लपवायचं व्हतं का?

हर्षदा : मी स्वतः सांगणार होते. कोणामुळे झालं, तेही सांगणार होते. तेच तुम्हाला नको होतं.

मंगलाबाई : जुनी मढी उकरू नको. पाच दे, मी जास. फोडून मधात कालवून देईन तिले.

हर्षदा : एकदाच सांगते. सहा वर्षांची आहे ती. समोर डॉक्टर बसलेत, घशात बघतील. गरज असली तर लिहून देतील, पण मग पूर्ण घ्यावं लागेल.

मंगलाबाई : दोन बुकं शिकलीस म्हणून माले शिकवू नको. पाच म्हणजे पाच.

हर्षदा : बरं. पाच तर पाच. माझं जे केलंत, तेच गजेंद्रच्या पोरीचं करा, तुमच्याच हातानं. मी अडवणार नाही. तेरा वर्षं मी याच दिवसाची वाट बघितली.

(हर्षदा कात्रीने पाकीट कापते, पाच कॅप्सूल पुडीत बांधून काचेवरून पुढे सरकवते. मंगलाबाई पुडी कमरेला खोचते आणि पायरी उतरता उतरता वळते.)

मंगलाबाई : किती जहर साठवून ठेवेल शे पोरी! जाऊ दे. बरं, संगती एक पित्ताची गोळी बी दे. मागच्या टायमाले हीच कॅप्सूल दिली तर अंगभर गांधी उठल्या तिच्या. ओठ पुरीसारखे फुगले, धाप लागली.

हर्षदा : थांब! मोठी माय, थांब तिथेच. पुडी दे इकडे.

मंगलाबाई : का वं? आताच तर दिलीस.

हर्षदा : दे म्हणते ना! हे औषध तिला सोसत नाही. या वेळी ओठांवर निभावणार नाही, श्वास कोंडेल तिचा. एका कॅप्सूलनेही जीव जाऊ शकतो.

मंगलाबाई : माय वं... अन् तू तर देत होतीस.

हर्षदा : देत होते. औषध आधी सोसलंय का, हे सगळ्यात पहिलं विचारायचं असतं. कोणीही आलं तरी विचारते मी. आज नाही विचारलं.

मंगलाबाई : आते काय करू मी?

हर्षदा : तिला उचलून आण. मी शटर ओढते, तुझ्यासोबत समोर येते. डॉक्टरांना ओठांचं आधी सांगायचं. तिला चालेल असं दुसरं औषध असतं.

मंगलाबाई : म्हणजे... माफ केलंस माले?

हर्षदा : नाही. औषध माझ्याकडे राहील. शेवटच्या दिवसापर्यंत मी तुझ्या दारात येईन आणि माझ्या हातानं तिला देईन. तू फक्त बघत बसायचं.