रोहिणीबाईंची केसांची वही

पुरवणी जबाब
दि. १० मे २००४, सोमवार, सकाळी ११.१५

माझे नाव शकुबाई भिकन गांगुर्डे, वय ४६ वर्षे, धंदा शिवणकाम, शिक्षण सातवी, राहणार लॅम रोड, देवळाली कॅम्प, जि. नाशिक. मी आज कोणी न बोलावता आपण होऊन ठाण्यात आले आहे व समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व मुलगी आशा, वय २१, असे राहतो. पती तोफखान्याच्या मेसमध्ये स्वयंपाकी आहेत. आशाचे लग्न कळवणचे शिक्षक धम्मपाल यांच्याशी ठरले असून ते येत्या रविवारी, १६ तारखेला आहे.

दि. ३ मे रोजी मी याच ठाण्यात रोहिणी झुंबर पगारे, वय अंदाजे ३०, यांच्याविरुद्ध तक्रार दिली होती. त्यांचे आमच्याच रस्त्यावर ब्युटी पार्लर आहे. त्यांनी ब्लीच लावून माझ्या मुलीचे केस जाळले, असे मी सांगितले होते. ते खोटे आहे. केस मी जाळले. हे आधी लिहून घ्या असे मी हवालदार साहेबांना म्हणाले, म्हणजे पुढचे सांगताना माझी जीभ मागे फिरायला नको.

आशाचे केस जन्मापासून तांबूस आहेत. तिची आजी तशीच होती. शाळेत तिला ‘भुरी’ म्हणत आणि कॅम्पातली टवाळ पोरे ‘मेमसाब’ म्हणत. गेल्या सप्टेंबरात स्थळे बघायला सुरुवात केली तेव्हा मी बाजारातून काळ्या मेंदीची पुडी आणली व तिच्या केसांना लावली. ती नको म्हणत होती. “भुऱ्या केसाची पोर कोण पत्करणार? गप बस,” असे मी तिला म्हणाले. तिचे केस कमरेपर्यंत होते. सगळे काळे झाले. धम्मपाल यांच्या घरच्यांनी डिसेंबरात मुलगी पाहिली ती त्याच केसांत, आणि पसंत केली.

एप्रिलमध्ये धम्मपाल पत्रिकेचा मजकूर ठरवायला आले. भिंतीवर आशाचा दहावीच्या गॅदरिंगचा फोटो आहे. तो बघून ते म्हणाले, “हे केस कुठे गेले? किती छान होते.” मी म्हणाले, “लहानपणी असतात तसे, मग काळे होतात.” आशाने माझ्याकडे पाहिले व आत निघून गेली. ज्या केसांची मला आठ महिने लाज वाटली तेच जावयाला आवडले. मला रात्री जेवण गेले नाही. लग्नाच्या आधी ते केस परत आणायचे, पण कसे गेले ते कुणाला कळू द्यायचे नाही, असे मी ठरवले. मुळाशी चार बोटे नवीन केस आपल्या रंगाचे आलेच होते. आशालाही ते हवे होते, उलट थोडे जास्त उजळ, मधासारखे.

दि. १ मे रोजी, शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास मी आशाला घेऊन रोहिणीबाईंच्या पार्लरमध्ये गेले. बाकावर साळूबाई बसल्या होत्या. त्या धम्मपाल यांच्या सख्ख्या आत्या असून कॅम्पातच राहतात. रोहिणीबाईंनी आशाची वेणी सोडली, केस बोटांतून काढले व विचारले, “मावशी, ह्याला काय लावलंय?” मी म्हणाले, “खोबरेल. दुसरं काही नाही.” त्या म्हणाल्या, “वर तांबूस, खाली काळे?” मी म्हणाले, “वरचे उन्हानं भुरे झालेत.” साळूबाई ऐकत होत्या. त्यांच्यापुढे दुसरे काय सांगणार?

रोहिणीबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मानेजवळची एक बारीक बट खालून कापली व काचेच्या वाटीत पेरॉक्साइडचे पाणी करून त्यात टाकली. ही त्यांची पद्धत आहे. कलेक्टरची बायको आली तरी आधी बट वाटीत टाकणार, मग बोलणार. पाच-सात मिनिटांत वाटीत फेस आला. त्यांनी माझा हात धरून वाटीला लावला. वाटी चहाच्या कपासारखी गरम झाली होती. त्या माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, “मावशी, पावडर संपलीय. आज नाही होणार.” पावडरचा डबा मागे फळीवर भरलेला दिसत होता.

मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटले. “काळी मेंदी लावली होती ना? असू दे, मी विचारत नाही. पण तसल्या पुडीत धातू असतो. त्याला पेरॉक्साइड लागलं की केस तापतात, तुटतात. मी हात लावणार नाही आणि तुम्हीपण दुसरीकडे नेऊ नका. नवीन केस तेवढे चांगले आहेत. बाकीचे कापावे लागतील किंवा वाट बघावी लागेल.” लग्नाला पंधरा दिवस असताना केस काप म्हणते म्हणून मी संतापले. “तुला येत नाही म्हणून सांग की! आमच्या पैशाला किंमत नाय का?” असे बरेच बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी ऐकून घेतले व दार उघडले.

दि. २ मे रोजी, रविवारी, मी बाजारातून ब्लीचची पावडर व पेरॉक्साइडची बाटली आणली. चाळीस नंबरची आणली, कारण ती सगळ्यात कडक आहे असे ऐकले होते. सकाळी दहा वाजता मोरीत आशाला पाटावर बसवून काळ्या केसांना लावले. मुळांना लावले नाही, तेवढी अक्कल देवाने शिल्लक ठेवली होती. थोड्या वेळात आशा म्हणाली, “आई, गरम लागतंय.” मी म्हणाले, “लागणारच, दम धर.” मग वाफ निघाली. ती ओरडली. मी बादली उपडी केली, दुसरी भरली, तीही ओतली. केस माझ्या हातात आले, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे. मानेवर दोन जागी लाल झाले. आशा रडली नाही. हे मला लिहून हवे आहे. तिने फक्त टॉवेल मागितला.

संध्याकाळी माझे दीर बहिरू आले व कोणी केले म्हणून विचारले. माझ्या तोंडातून रोहिणीबाईंचे नाव गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि तिने घाईत लावले, अशी पुढची गोष्टही मीच जुळवली. दीर तापट आहेत. सोमवारी सकाळी ते मला इथे घेऊन आले, सोबत १ तारखेला पार्लरमध्ये होत्या म्हणून साळूबाईंनाही साक्षीला आणले. मी सांगितले, साहेबांनी लिहिले, मी सही केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

त्या दिवशी रोहिणीबाईंना अकरा वाजता बोलावले गेले. त्या संध्याकाळी पाचपर्यंत समोरच्या बाकावर बसून होत्या. मांडीवर कापडी पिशवी होती. विचारले की, “मी केलेलं नाही,” एवढेच म्हणत. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. पुढे कळले की त्यांचे गाळामालक नाथा यांनी १५ तारखेपर्यंत गाळा रिकामा करायला सांगितले आहे, पोलिसांची भानगड नको म्हणून. गिऱ्हाईक तर त्याच दिवशी तुटले. सात वर्षांचे नाव एका सहीत गेले.

त्याच संध्याकाळी सहा वाजता आमच्या दारात रोहिणीबाई उभ्या. मला वाटले भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, “पोरीचं डोकं दाखवा.” मी बाजूला झाले. त्यांनी चप्पल काढली, आत आल्या, उजेडाकडे आशाचे तोंड करून मान तपासली, लाल जागेवर कोरफडीचा गर लावला. मग कात्री काढून जळालेले सगळे केस कापले. मुळाजवळचे चार बोटे तेवढे राहिले. आशाने विचारले, “ताई, आता हे उजळ होतील का?” त्या म्हणाल्या, “होतील. पण चार-पाच दिवस पाणी नाही, शाम्पू नाही. कातडी शांत होऊ दे. घाई एकदा झाली तेवढी बस.” मी चहा ठेवला होता, तो त्यांनी घेतला.

शनिवारी, ८ तारखेला, दुपारी दोन वाजता त्या पुन्हा आल्या. आल्या तशी आधी नवीन केसांची बट वाटीत टाकली. मी वाटीला हात लावून बघितला. गार होती. आदल्या रात्री त्यांनी सांगितल्याप्रमाणे आशाच्या डोक्याला खोबरेल चोळले होते, ते धुतले नाही. त्यांनी वीस नंबरचे पेरॉक्साइड घेतले, निम्म्या ताकदीचे. मी शिवणकाम करते, मला हात कळतो. एवढीएवढी बट उचलायची, दोन्ही बाजूंनी लावायचे, खाली कागद. मागून सुरुवात, कपाळाकडचे शेवटी. डोक्याला लागून अर्धे बोट सगळ्यात शेवटी, कारण अंगाच्या उष्णतेने तिथले लवकर उजळतात. दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या कापसाने पुसून बघायची. पंखा बंद, घामाने त्यांचा ब्लाऊज भिजला, पण हात हलला नाही.

मध्येच केस नारिंगी झाले. त्या आशाला म्हणाल्या, “तांबूस केसांचं असंच असतं. आतला लाल रंग वर येतो. लोक इथं घाबरतात, आणखी पावडर लावतात आणि केस मारतात. इथं थांबायचं असतं.” आणि थांबल्या. गार पाण्याने धुतले. मग राखी छटेचा कसलासा रंग दहा मिनिटे लावला, त्याने नारिंगीपणा गेला. केस वाळले तेव्हा नव्या गुळाचा रंग आला होता. ओढून बघितले तर एक केस तुटला नाही. आशाने आरशात बघितले. सहा दिवसांनी ती हसली. साहेब म्हणाले, हे जबाबात लागत नाही. मी म्हणाले, मला लागते, लिहा.

निघताना त्यांनी पिशवीतून एक वही काढली व वाटीतली बट वाळवून तीत चिकटवली. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाची बट तारखेसह अशी ठेवतात. मी मागचे पान उलटले. तिथे काळी बट होती व खाली लिहिले होते : ‘१ मे. आशा गांगुर्डे. काळी मेंदी. वाटी तापली, फेस आला. काम केले नाही.’ मी विचारले, “ही वही सोमवारी ठाण्यात तुझ्याकडे होती?” त्या म्हणाल्या, “होती. पिशवीत.” मी म्हणाले, “मग दाखवली का नाहीस? तिथंच सुटली असतीस!” त्या म्हणाल्या, “साळूबाई शेजारी बसल्या होत्या, मावशी.”

सहा तास. माझे खोटे मांडीवर घेऊन ती पोर सहा तास त्या बाकावर बसली. अशी माणसे मी ऐकली होती, बघितली नव्हती. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, “वाकू नका, कंबर धरेल.”

आज सकाळी मी एसटीडी बूथवरून धम्मपाल यांना फोन करून मेंदीपासून सगळे सांगितले. ते म्हणाले, “आई, आता केस कसे दिसतात?” मी म्हणाले, ये आणि बघ. साळूबाईंना येताना वाटेतच सांगितले. सदर वही मी रोहिणीबाईंकडून भांडून मागून आणली असून ती हजर करीत आहे. काम झाल्यावर ती त्यांना परत द्यावी, तीत दुसऱ्या बायकांचीही पाने आहेत, ती कोणी चाळू नयेत.

माझी ३ तारखेची तक्रार खोटी असून रोहिणीबाईंचा काही दोष नाही. खोट्या तक्रारीची जी शिक्षा असेल ती मी भोगेन, फक्त रविवार जाऊ द्यावा. ह्या जबाबाची नक्कल पार्लरच्या काचेवर लावायला मागितली. साहेब म्हणाले तसे करता येत नाही. तर मग मी गाळामालकाच्या दारात उभी राहून तोंडाने सांगेन, माझे तोंड अख्ख्या कॅम्पाला ऐकू जाते.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. तीन ठिकाणी ‘आरोपी’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून तिथे ‘रोहिणीबाई’ असे लिहून घेतले व प्रत्येक खोडीशेजारी सही केली. ३ तारखेचा जबाबही मला असाच वाचून दाखवला होता आणि तो बरोबर आहे असे मी म्हणाले होते. तेव्हा खोटे म्हणाले होते. हा बरोबर आहे.

सही / शकुबाई भिकन गांगुर्डे