सगळ्यांत नियमित घर

भागीदार : आणि तू चक्क हसलीस त्यांना. मी स्टुलावर चढून फ्रिजच्या दाराला हालचाल टिपणारी चकती चिकटवतोय, नळाची लावून झालीये, तुझी आई खाली उभी, म्हणते, 'बबडे, एकदा हा दिवा तुला दिसायला लागला, की तुझे फोन बंद होणार बघ.' आणि तू काय म्हणालीस?

ती : 'आई, टेप धर.' आठवतंय मला. आत ते फ्रिज कंपनीचे लोक आपलं नशीब ठरवताहेत आणि तुला माझ्या आईचे टोमणे आठवताहेत?

भागीदार : धाकधूक व्हायला लागली की मला काहीही आठवतं. मघाशी शाळेतली बाराखडी म्हणत होतो मनात. पण खरं सांग, शेवटचा फोन कधी केलास त्यांना?

ती : केला होता की. म्हणजे... पिल्लूला ताप आला, त्याच्या आधी. अरे, पण मी रोज बघते ना! डोळे चोळायच्या आधी फोन हातात घेते. हिरवा दिसला की हायसं वाटतं. आई उठली, फ्रिज उघडला, नळ सोडला. घरात जाग आहे.

भागीदार : हे वाक्य जाहिरातीत टाकू या. 'जाग : घरात एकटं कोणी, तुमच्या फोनवर हिरवा दिवा.' त्यावर तुझा झोपाळू फोटो.

ती : गप रे. आणि काचेला नाक लावू नकोस. अधाशासारखं दिसतं.

भागीदार : अधाशीच आहे मी. आज होकार आला नाही, तर महिनाअखेर आपल्या ऑफिसला टाळं. आपल्याकडे कामाला असलेली ती दोन पोरं सकाळपासून मेसेज करताहेत, 'काय झालं, काय झालं.' आणि मी सासऱ्यांच्या दुकानात टाइल्स विकणार, जन्मभर.

ती : किती वेळ लावताहेत हे लोक!

भागीदार : लावू देत. तू पाणी आणायला गेलीस ना, तेव्हा त्या मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांचा विचार पक्का होत आलाय. त्यांच्या प्रत्येक नव्या फ्रिजच्या दारात आपली चकती. प्रत्येक! आणि ऐक, चाचणीतल्या सगळ्या घरांमध्ये त्यांना सर्वांत आवडलेलं घर कुठलं सांगू? तुझ्या आईचं. आत पडद्यावर तेच लावलंय. म्हणाल्या, 'किती नियमित आहेत या बाई! यांच्यावरून घड्याळ लावून घ्यावं.'

ती : कोण नियमित?

भागीदार : तुझी आई.

ती : माझी आई?

भागीदार : अगं हो. त्यात एवढं दचकायला काय झालं?

ती : अरे, ती फ्रिज उघडते आणि काय घ्यायला आलो तेच विसरते. दार धरून नुसती उभी राहते. मग लावते, खोलीत जाते, आठवलं की परत येते. लहानपणी मी आणि दादा पैजा लावायचो, आज दार किती वेळा वाजणार म्हणून. सुरुवातीला तिच्या घराचा आलेख बघून तूच म्हणाला होतास ना, चकती बिघडलीये?

भागीदार : बदललीसुद्धा होती मी. नवीन लावली तरी तेच.

ती : दाखव बरं. तुझ्या फोनवर सगळ्या नोंदी येतात ना? मी तर दिव्याच्या पुढे जातच नाही.

भागीदार : हे घे. सकाळी फ्रिज, मग नळ. संध्याकाळी फ्रिज, मग नळ. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज, मग...

ती : आणि मधे?

भागीदार : मधे काही नाही. दुपारीही नाही. रोज असंच. पण दिवा हिरवाच राहणार गं, नियम आपणच केलाय. सकाळ-संध्याकाळ हालचाल दिसली की हिरवा, नाही दिसली की लाल.

ती : ही माझी आई नाही.

भागीदार : अगं, कुठे निघालीस? कुठल्याही क्षणी बोलावतील!

ती : जिन्यात. ये तू पण. बाकीच्या घरांच्या नोंदी काढत राहा तोवर. वाजतोय... उचल ना आई, उचल, उचल...

आई : हॅलो? बबडे? झालं का? दिलं का त्यांनी तुला ते?

ती : आई, तू कुठे आहेस?

आई : घरी. कुठे असणार? पिल्लूला दात आला का गं?

ती : कुत्रा कोणाचा भुंकतोय?

आई : तो होय? तो खालच्या वहिनींचा. दार उघडं आहे ना, म्हणून ऐकू येतोय.

ती : तू कधी दार उघडं ठेवत नाहीस. मांजर शिरतं म्हणून. फ्रिजमध्ये काय काय आहे, सांग.

आई : हे काय विचारणं झालं? दूध आहे. आणि... असतं ते सगळं आहे.

ती : आई, तुला खोटं बोलता येत नाही. आवाज बारीक होतो तुझा.

आई : पाय मोडलाय गं. थोडासा.

ती : थोडासा कसा मोडतो पाय?

आई : जिन्यात. मला वाटलं पायऱ्या संपल्या, पण एक राहिली होती. प्लॅस्टर घातलंय. मी वहिनींकडेच आहे, खाली. अगदी फुलासारखं जपतात मला, तू काळजी करू नकोस.

ती : आणि वर जाऊन फ्रिज कोण उघडतं?

आई : वहिनी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उघडायचा, लावायचा, मग नळ. पहिल्या दिवशी त्यांनी आधी नळ सोडला. मी म्हटलं, अहो नाही, मी आधी दूध काढते. मग बरोबर जमलं त्यांना. लाल नाही ना लागला एकदाही?

ती : नाही, आई.

आई : बघ! मी म्हटलं त्यांना, आमच्या बबडीची परीक्षा चालू आहे, मोठ्या कंपनीची माणसं बघताहेत. त्यात तिच्याच घराचा दिवा लाल झाला तर कसं दिसेल?

ती : मला कळवायचं होतंस ना.

आई : कळवलं असतं तर त्या एवढ्याशा जिवाला काखोटीला मारून धावत आली असतीस. आणि तू विचारलं कुठे? तसं नाही गं, टोमणा नाही मारत. तुला दिवा दिसतच होता की. रडतेस का?

ती : नाही. दुखतंय का फार?

आई : दुखतं. पण एक सांगू? हसशील मला. वहिनी वरून आल्या की मी विचारते, काय होतं हो फ्रिजमध्ये? त्या म्हणतात, काही नाही. आणि मला वाटतं, एकदा आपणच जावं, दार धरून उभं राहावं. उगीच. गार हवा येते ना तोंडावर, तेवढी.

ती : मी येते. आजच निघते.

आई : आधी सही कर, मग ये. त्याला आण. बसतो का आता?

ती : उशीला टेकून बसतो. कलंडतो, आणि आपण कलंडलो म्हणून रागावतो.

आई : अगदी तुझ्यासारखा! ऐकव ना त्याचा आवाज.

ती : तो घरी आहे, सासूबाईंजवळ.

आई : हो का. असू दे. मग तूच बोल थोडं. काहीही बोल.

भागीदार : ए, बोलावताहेत आत. चल.

ती : आई, दोन मिनिटं. लगेच परत करते फोन.

भागीदार : डोळे पूस. आणि माझं ऐक. बाहेरचा माणूस घरात शिरून फ्रिज उघडतोय आणि आपला दिवा हिरवा. नियमात भोक आहे, मान्य. बुजवू आपण. पण सही झाल्यावर. आता तोंड उघडलंस तर संपलं सगळं.

ती : त्या बाकीच्या घरांच्या नोंदी काढल्यास?

भागीदार : काढल्या.

ती : मग? इतकं नीट आणखी कोणाचं घर आहे?

भागीदार : ...एक आहे.

(काचेपलीकडची बैठकीची खोली. पडद्यावर एका घराच्या नोंदींचा आलेख.)

मॅडम : या, बसा. थांबावं लागलं तुम्हाला, माफ करा. पण बातमी चांगली आहे. आमच्या वरिष्ठांना हे घर फारच पटलं.

ती : मॅडम, ते घर पडद्यावरून काढाल का? ते रिकामं आहे.

मॅडम : रिकामं?

ती : माझ्या आईचं घर आहे ते. तिचा पाय मोडलाय, ती खाली शेजाऱ्यांकडे आहे. माझ्या कामात खोट दिसू नये म्हणून शेजारच्या वहिनी रोज वर जाऊन फ्रिज उघडतात आणि लावतात. मला आत्ता जिन्यात कळलं.

मॅडम : म्हणजे तुमचं यंत्र फसलं.

ती : यंत्रानं जे झालं तेच सांगितलं. आम्ही बॅटरीचा विचार केला होता, वीज जाण्याचा केला होता. आपल्या माणसाला काळजी नको म्हणून कोणी असं काही करेल, याचा केला नव्हता.

भागीदार : हे सुधारता येईल, मॅडम. दिवसभरातली ये-जा बघायची, नुसती सकाळ-संध्याकाळ नाही. त्या माणसाची रोजची सवय बदलली, तरी सांगायचं.

मॅडम : येईलही सुधारता. पण आज मी हा करार वर पाठवू शकत नाही, हे तुम्हाला कळतंय ना? आणि पुढचं मी काही कबूल करणार नाही. प्रामाणिकपणे विचारते, सही झाल्यावर सांगितलं असतंत तर मला कळलंही नसतं. आत्ताच का?

ती : कारण असं आणखी एक घर आहे. सकाळी फ्रिज, मग नळ. संध्याकाळी फ्रिज, मग नळ. मधे काही नाही. कोणाचं आहे ते आम्हाला कळत नाही; माझ्या आईचं सोडलं तर बाकीची घरं तुम्हीच निवडलीत, आमच्याकडे त्यांचे नुसते आकडे असतात. नावं तुमच्याकडे आहेत.

मॅडम : कितवं घर?

भागीदार : नववं.

मॅडम : ...नाही. ते घर तसं नाही. तिथले गृहस्थ मुळातच शिस्तीचे आहेत. चप्पलसुद्धा रेघेत काढतात.

ती : तुमच्या ओळखीचे आहेत?

मॅडम : माझे बाबा आहेत.

भागीदार : मग तसंच असेल, मॅडम. खरंच. एखाद्याचा स्वभावच असतो.

मॅडम : आज सकाळी बघितलं मी. गाडी सुरू करायच्या आधी. हिरवा होता. रोज बघते. ते मला म्हणाले होते, 'तू कामाची माणूस, तुला कशाला त्रास.' ...थांबा, मी फोनच लावते त्यांना.

ती : फोनवर माझी आईही 'घरीच आहे' म्हणाली, मॅडम. त्यांच्या जवळपास कोणी ओळखीचं राहतं का? असेल तर त्यांना सांगा, दारातून विचारून परत फिरू नका. आत जा, समोर बसा, बाबांना उठून जरा चालायला लावा. आणि काय दिसलं ते तुम्हाला कळवायला सांगा. तुम्ही बोला निवांत. आम्ही बाहेर थांबतो.