वलयांचा अर्थ मला विचारू नका

...नाही, पण तुम्हीच सांगा, घोड्याला पाय नाहीत यात अर्थ कसला आलाय डोंबलाचा? मला घोड्याचे पाय काढता येत नाहीत, संपलं! उभा जन्म ब्रश हातात धरून गेला, पण घोडा म्हटला की पोटापर्यंत माझं ठीक चालतं, आणि खाली आलो की ते मागचे गुडघे पुढे वाकतात का मागे हेच मला अजून समजलेलं नाही, म्हणून मी काय करतो, घोडा गवतात उभा करतो, नाहीतर पाण्यात, नाहीतर धुक्यात... ह्या घोड्याच्या नशिबी धुकं आलं. तर समोरची बाई ते घोड्याचं कार्ड हातात घेऊन घळाघळा रडतेय, आणि ताई डोळे मिटून सांगतायत, "मृत्यूच्या घोड्याला पाय नाहीत... कारण त्याचं पाऊल वाजत नाही!" आता हे ऐकून, तुम्हाला सांगतो, माझ्याच अंगावर काटा आला. पण मी नुसती चित्रं काढली हो!

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. टॅरो कार्ड बघतात. म्हणजे पत्ते पिसायचे, समोरच्यानं एक ओढायचा, आणि वरच्या चित्रात जे काही असेल त्यावरून त्याच्या नोकरीचं, लग्नाचं, सासूचं पुढे काय होणार ते सांगायचं. चांगली गर्दी असते. बाहेर चपलांचा ढीग! तर एकदा त्यांच्या मनात आलं की बाजारातले पत्ते परके वाटतात, आपले स्वतःचे पाहिजेत. आणि घरात चित्रकार आहे तो काय माशा मारतोय? "भाऊजी, तुम्ही काढा." झालं! नाही म्हणायची सोय आहे का? बायकोच्या मोठ्या बहिणीला नाही म्हणालेला माणूस असेल तर मला दाखवा, मी त्याचं चित्र काढतो.

आणि मी चित्रकार तरी कसला? बुटाच्या खोक्यावरचा बूट मी काढलाय. खोकल्याच्या औषधावर खोकणारा माणूस असतो ना, तो माझा. शाळेच्या पुस्तकातला पोट फाडलेला बेडूक, तोही माझाच. पण त्यात सुख होतं हो! बेडकाच्या पोटात आजवर कुणी अर्थ शोधला नाही. जठर म्हणजे जठर, आतडं म्हणजे आतडं, बाण काढा, नाव लिहा, मोकळे व्हा. इथे अठ्ठ्याहत्तर पत्ते! राजे, राण्या, तलवारी, पेले, मनोरे, सूर्य, चंद्र... काढून काढून मान मोडली.

एक पत्ता आहे त्यात, उलटा टांगलेला माणूस. आता उलटा माणूस कोण काढत बसणार? मी सुलटा काढला आणि कागद फिरवला. पण फिरवल्यावर केस खाली लोंबायला पाहिजेत हे राहूनच गेलं. म्हणजे गडी टांगलाय उलटा, पण भांग कसा, आत्ताच पाडल्यासारखा! मला वाटलं, आता बोलणी बसणार. ताईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "संकटात सगळं जग उलटं झालं, पण ह्याचा केस हलला नाही... ह्याला म्हणतात स्थितप्रज्ञ." मी म्हटलं, "ताई, ती चूक झालीय माझी, दुरुस्त करून देतो." तर असा हात वर केला. "भाऊजी, हात लावू नका. काढणाऱ्याला काय कळतंय? त्याच्याकडून काढून घेतलं जातं." मी आपला ब्रश धुवायला गेलो.

पण सगळ्यात नाव झालं ते वलयांचं. माझ्या त्या पत्त्यांत कुठेही उजेड असला, दिवा म्हणा, चांदणी म्हणा, चंद्र, मेणबत्ती, काहीही, की त्याच्याभोवती दोन वलयं आहेत. एक पिवळसर, आणि त्याच्या बाहेर फिकट, कडा विरत गेलेलं. मी मुद्दाम नाही केली. दिवा काढायचा म्हणजे दिव्याकडे बघायचं आणि दिसतं ते काढायचं. मला दिसली, मी काढली. त्या वलयांवर ताईंनी काय काय सांगावं! "आतलं वलय म्हणजे आपल्याला माहीत असलेलं, बाहेरचं म्हणजे जे अजून कळायचंय." लोक लांबून येऊन विचारायला लागले, वलयंवाले पत्ते इथेच आहेत का? एक रिटायर झालेले शिक्षक माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुम्ही फार पुढचं बघता." पुढचं? मला त्यांचं नाकसुद्धा दिसत नव्हतं!

हो, तेच सांगतोय. दिसत नव्हतं. एका दुकानाची पाटी निळी रंगवली, तर मालक कमरेवर हात ठेवून म्हणतो, "जांभळी का केलीत?" मी म्हटलं, निळी आहे. तो म्हणाला, जांभळी आहे. रस्त्यावरच्या माणसांना बोलवून विचारलं, सगळ्यांनी जांभळीच सांगितली. गेलो डोळ्याच्या डॉक्टरकडे. पोरगीच होती, पण हुशार. तिनं बॅटरी डोळ्यात मारली, म्हणाली, "काका, दिव्याभोवती वलयं दिसतात का?"

मी म्हटलं, "दिसतात की. सगळ्यांनाच दिसतात."

"नाही काका. कुणालाच दिसत नाहीत."

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. म्हणाली, ऑपरेशन लवकर करून टाकू, आधी उजवा, मग डावा, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. फार थांबलात तर मग अवघड होईल. इतकं सोपं. मी घरी आलो, बायकोला सांगितलं. आता तुम्हाला वाटेल ती म्हणाली असेल, कधी जायचं? छे! ती आधी खुर्चीत बसली, मग पदराशी चाळा केला, आणि म्हणाली, "आपण ताईला विचारू या का?"

विचारलं. पत्ते पिसले, बायकोनं ओढला, आणि काय निघावं? कंदीलवाला म्हातारा! एकटाच डोंगरावर कंदील धरून उभा असतो तो. आणि कंदिलाला वलयं, दोन, ठसठशीत. ताईंनी पत्ता कपाळाला लावला. मग म्हणाल्या, "दिवा आहे तसा राहू दे, असं सांगतोय हा. आत्ता नको." मी म्हटलं, "ताई, अहो ती वलयं म्हणजेच माझा मोतीबिंदू आहे! डॉक्टरनं सांगितलं!" तर ताई बायकोकडे वळून हळूच म्हणतात, "बघ, डॉक्टर ज्याला आजार म्हणतात ती ह्यांची दृष्टी आहे." म्हणजे माझ्या मोतीबिंदूनं चित्र काढलं, आणि आता तेच चित्र सांगतंय की मोतीबिंदू काढू नका! कुणाकडे दाद मागायची? मी नुसती चित्रं काढली हो!

पुढच्या आठवड्यात पुन्हा पत्ता. मनोरा, वीज पडलेला. "नको." मग तलवारींचा कुठलासा. "डोळ्याच्या कामात तलवार? अजिबात नको!" मग मीही इरेला पेटलो. म्हटलं, थांबा, तुम्हाला सरळ सरळ सांगणारा पत्ताच काढतो. भला मोठा उघडा डोळा काढला, मागे उगवता सूर्य, ज्याला काही कळत नाही त्यालाही कळावं की डोळा उघडला, उजाडलं, चला दवाखान्यात! आणि हळूच गड्डीत सरकवला. निघालासुद्धा! ताईंनी तो जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "डोळा सूर्यापेक्षा मोठा झालाय... अतिआत्मविश्वास. थांबा."

तुम्ही हसताय. मीही हसलो असतो. पण त्या दिवशी घरी येताना जिन्याची शेवटची पायरी आहे का संपली हे मला कळेना, आणि मी कठड्याला धरून उभाच राहिलो. खरं सांगतो, घाबरलो. माझं पोट ह्या डोळ्यांवर, दुसरं काही येत नाही मला. आणि रागावू कुणावर? ह्या दोघी लहान असताना ह्यांचे वडील असेच एका साध्या ऑपरेशनला गेले, "संध्याकाळी येतो" म्हणाले, आणि आलेच नाहीत. तेव्हापासून ह्या घरात "संध्याकाळी घरी" म्हटलं की दोघींचे चेहरे उतरतात. पत्ता कुठे नाही म्हणत होता? ह्या दोघीच नाही म्हणत होत्या. पत्त्याचं आपलं नाव. हे मला कळत होतं हो, पण कळून करू काय? बायकोच्या भीतीपुढे मी काय बोलणार, मलाही तर भीतीच वाटत होती.

मग एक दिवस दुपारी ताई गावाला गेलेल्या. बायकोनं घरातल्या माझ्या नमुन्याच्या गड्डीतून एक पत्ता ओढला, तसाच टेबलावरून माझ्याकडे सरकवला, आणि म्हणाली, "आज तुम्हीच सांगा. काढलंय तुम्हीच ना?"

घेतला हातात. मधे काहीतरी गोल, फिकट, बाजूनं हिरवट पसारा. म्हटलं चंद्र! मनातून खूष झालो, चंद्राच्या पत्त्यात भुंकणारा कुत्रा, दोन खांब आणि मधून वाट असते, सगळं मी स्वतः काढलेलं, आणि आता वाट आहे म्हणजे आपलंच राज्य! लागलो सांगायला. म्हटलं, "हे बघ, हा चंद्र. उजेड आहे, पण पुरता नाही, म्हणून माणूस भितोय. हा कुत्रा भुंकतोय ना, ती आपली भीती. भुंकतो, पण चावत नाही. आणि ही वाट बघ, दोन खांबांच्या मधून सरळ गेलीय, कुठे थांबलीय का? नाही थांबलेली. म्हणजे गेलं पाहिजे. भीत भीत का होईना, गेलं पाहिजे." अहो, काय बोलत होतो मी! ताईंनी ऐकलं असतं तर गादीवर मला बसवलं असतं. माझाच आवाज भरून आला.

बायकोनं पत्ता माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "अहो... ही पाठ आहे."

"काय?"

"पत्त्याची पाठ आहे ही. चित्र पलीकडे आहे."

आता पाठ सगळ्या पत्त्यांची एकच. मधे गोल, बाजूनं पानं. मीच काढलेली! मी म्हटलं, "अगं, गंमत केली." ती उठली, माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, म्हणाली, "माझं तोंड दिसतंय का तुम्हाला?" म्हटलं, न दिसायला काय झालं? "मग सांगा, मी हसतेय का रडतेय?"

मी आपला अंदाज केला. म्हटलं, "हसतेयस."

तिनं पलीकडची बाजू बघितलीच नाही. पत्ता तिथेच टाकला आणि डॉक्टरला फोन लावला. रडत रडतच तारीख ठरवली.

तर झालं ऑपरेशन. उजव्या डोळ्याचं. ताई गावाहून तशाच धावत आल्या, पत्ते न घेता, आणि दोघी बहिणी दवाखान्याच्या बाकावर एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या म्हणे. आणि संध्याकाळी घरी! खरोखर संध्याकाळी घरी. मला दारात बघून ताई अशा रडल्या, अशा रडल्या, की मीच त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिल्यांदा बायकोच दिसली. केस पांढरे, डोळ्यांखाली काळं... ही कधी इतकी दमली, आणि मी होतो कुठे? पत्त्यांतल्या चारही राण्यांना मी तिचंच तोंड दिलंय, पण ते जुनं, आठवणीतलं. वाईट वाटलं हो. ती म्हणाली, "काय बघताय?" म्हटलं, "काही नाही, दिसतेयस." लाजली!

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती की नाही? पण ताई होत्या ना! त्यांना बायकोनं पाठीचा किस्सा सांगितला. ताई ताडकन उठून बसल्या. "म्हणजे पाठ बोलली! इतकी वर्षं आपण नुसतं पुढचं वाचत होतो! भाऊजी, प्रत्येक पत्त्याला वेगळी पाठ पाहिजे." मी म्हटलं, "अहो ताई, पाठी वेगळ्या केल्या तर पत्ता न उलटताच कळेल की कुठला आहे ते!" तर म्हणतात, "म्हणजे आणखी अचूक!" आता बोला! पुन्हा अठ्ठ्याहत्तर! आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, ह्यावेळी बायकोनंच तारीख घेतलीय, कुणालाही न विचारता.

बसलो कामाला. आता काय, नवा डोळा! रेघ कशी, सुरीनं कापल्यासारखी. निळा तो निळा, जांभळा तो जांभळा. पहिल्या पाच पाठी घेऊन गेलो, अभिमानानं टेबलावर मांडल्या. ताईंनी एक उचलली. खिडकीपाशी नेली. आडवी धरली, उभी धरली... चष्मा पुसला, परत बघितली. मग एवढंसं तोंड करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यात काहीच नाही हो. सगळं नुसतं दिसतंय."

...तेव्हा सध्या उजवा डोळा मिटून काढतोय.