सरस्वतीच्या पाटावर कोबॉल

(वाशी, १९८५. दसऱ्याची सकाळ. दुसऱ्या मजल्यावर राहणारा टायपिस्ट नंदकिशोर, त्याची आई, आणि खालच्या मजल्यावरून एक कप चहापुरता आलेला बंडू. चहा मघाशीच संपलाय.)

आई : तिन्ही पुस्तकं दे इकडे. पाटावर मांडायचीत.

नंदकिशोर : एक तरी राहू दे, आई. पूजेत गेलेलं पुस्तक तू उद्यापर्यंत उघडू देणार नाहीस, आणि उद्या सकाळी ऑफिसात कोबॉलची, त्या कॉम्प्युटरच्या भाषेची, परीक्षा आहे.

आई : ठेव एक. कुठलं ठेवतोस?

नंदकिशोर : तेच ठरत नाहीये.

बंडू : आठवडा झाला, काकू. हा झोपेतसुद्धा तिन्ही आलटून पालटून उशाला घेतो.

नंदकिशोर : हे जाडं अमेरिकन. यात सगळं आहे.

बंडू : म्हणूनच त्यात काही सापडत नाही. फोर्टच्या फुटपाथवरून मीच आणलं, वजनाला भुलून. त्यापेक्षा हे बारकं घे. पंधरा दिवसांत शिकवतो म्हणतंय.

नंदकिशोर : माझ्याकडे एकच उरलाय.

बंडू : मग पंधरावा दिवस वाच.

नंदकिशोर : आणि हे मशीनवाल्यांचं मॅन्युअल. कुठलंही पान काढ, अधिक माहितीसाठी दुसरं मॅन्युअल पाहा.

बंडू : मग ते दुसरं मिळव ना.

नंदकिशोर : मिळवलं होतं. त्यात हे पाहा म्हटलंय.

आई : पण वाचलंस किती?

नंदकिशोर : तिन्हींचा पहिला धडा.

बंडू : म्हणजे कॉम्प्युटर म्हणजे काय, हे याला तीन तऱ्हांनी येतं. आणखी एक आणू का?

नंदकिशोर : गप रे. मशीनला एकदा हात लावू दिला असता तरी कळलं असतं. ते काचेच्या खोलीत. आत गारठा, चपला बाहेर काढायच्या. मोठे साहेबसुद्धा मोज्यांवर जातात.

आई : चपला काढून? आणि त्याचीच पुस्तकं तू पाटावर नको म्हणतोस?

बंडू : नैवेद्य काय लागतो रे त्याला?

नंदकिशोर : तुला गंमत वाटते, बंड्या. आमचं टायपिंग सेक्शन बंद होतंय. पास होतील ते काचेत, उरलेले चंद्रपूरच्या कारखान्यात.

बंडू : तिकडे गारठ्याचा त्रास नाही.

आई : दादरहून खाडीपलीकडे आणलंस तेव्हा म्हणाला होतास, आता हलायचं नाही. आत्ता कुठे इथल्या वाऱ्यात झोप लागायला लागलीय मला.

नंदकिशोर : ठाऊक आहे, आई. आई, तू शेवटची पानं काय चाळतेस?

आई : या जाड्याची पहिली वीसेक पानं मळलीत. पुढे कोरं करकरीत.

बंडू : चंद्रपूरला गेला असेल बिचारा.

आई : मॅन्युअलला तर कुणाचं बोटच लागलेलं नाही. आणि या बारक्याच्या शेवटच्या पानावर चहाचा डाग. कुणीतरी शेवटापर्यंत पोचलंय. हे ठेव, बाकीची दोन पाटावर.

नंदकिशोर : पुस्तक असं निवडतात?

आई : तू कसं निवडणार होतास?

बंडू : चिठ्ठ्या टाकून. दोनदा टाकल्या, काकू. दोन्ही वेळा याला निकाल पटला नाही. चला, मी निघतो. संध्याकाळी सोनं द्यायला येतो. काचेत गेलास की ओळख ठेव.

नंदकिशोर : हे पण तसंच सुरू होतं बघ. 'कॉम्प्युटर हे एक आज्ञाधारक...'

आई : तो धडा सोड आता.

नंदकिशोर : सोडतो. आई, माळ्यावरची ट्रंक खाली कशी?

आई : पूजेचं तबक काढलं त्यातून.

नंदकिशोर : तबक तर रोज देव्हाऱ्यापाशीच असतं.

आई : असतं.

नंदकिशोर : ट्रंकेत आपल्या रोजच्या चादरी भरल्यात. चंद्रपूरसाठी?

आई : दुसरा धडा काढ.