यशूचा फॉर्म मी दोनदा भरला

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला म्हणायचं, म्हणजे वडील तिकडचे, मी हडपसरचाच, इथेच जन्मलो, इथेच शाळा झाली, तिकडे गावी गेलो की लोक माझी भाषा ऐकून पुण्याचे पाहुणे आले म्हणून हसतात आणि इथे पुण्यात नाव सांगितलं की दुसरा प्रश्न मूळ गाव कुठलं, तर ते असो. दीक्षा आजोबांनी घेतलेली. वडील कारखान्यात फिटर होते. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली वडिलांची पान्यांची पेटी, या दोन गोष्टींना पोरांनी हात लावायचा नाही आणि शिक्षण सोडायचं नाही, एवढेच नियम. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि बुधवार पेठेत एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली लागलो, आता ते नाहीत, दुकान मी चालवतो. दुकान म्हणजे काय, बघताच आहात तुम्ही, जिना चढून आलं की एक टेबल, दोन स्टुलं, बाकी सगळे मेलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. सव्वीस वर्षं झाली यात.

आता आमच्या धंद्याची एक पद्धत आहे, ती सांगतो. गिऱ्हाईक सेट घेऊन आलं की त्याला मी चिठ्ठी बांधतो, चिठ्ठीवर नाव आणि कंप्लेंट. कंप्लेंट सगळी लिहायची, एकूण एक. एका बाजूचा आवाज येत नाही, खरखर करतो, बटण ढिलं आहे, मागून पत्रा चेपलाय, सगळं. कारण जे लिहिलं नाही ते नंतर आपल्या अंगाशी येतं, गिऱ्हाईक म्हणतं, हे आधी नव्हतं हो, तुमच्याकडे आल्यावर झालं. पुण्याचं गिऱ्हाईक आहे, ते काय सोडतंय. म्हणून मी प्रत्येक ओरखडा लिहितो. चांगलं काय चालतं ते कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही, चांगलं चालतंय ते उघडायचं कशाला.

मुलगी एकच, यशोधरा, यशू म्हणतो आम्ही, अकरा वर्षांची असतानाची ही गोष्ट, म्हणजे गेल्या वर्षीची. तिला ऑटिझम आहे. तीन वर्षांची झाली तरी बघत नव्हती कोणाकडे, मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, नातेवाइकांचे सल्ले झाले, नातेवाइकांचे सल्ले अजून चालू आहेत. बोलणं चार-पाच शब्दांचं. आवाज सहन होत नाही, आणि बाप कोण तर आवाजाचा मेकॅनिक, काय सांगू तुम्हाला. घरातली बेल वाजली की कान दाबून कॉटखाली जायची, म्हणून मी बेल काढून टाकली, मीच बसवली होती, मीच काढली, तेव्हापासून आमच्याकडे येणारा माणूस दार हाताने वाजवतो, टक टक टक, आणि मग कोणीतरी उघडतं. वैशाली, म्हणजे माझी बायको, एका दवाखान्यात फायली सांभाळते, दहा ते सहा. यशू तिच्या खास शाळेत जाते, व्हॅन साडेपाचला सोडते, आणि वैशाली येईपर्यंत, म्हणजे सव्वासहापर्यंत, शेजारच्या पवार मावशी तिच्यापाशी बसतात. मी घरी येईपर्यंत नऊ वाजतात.

सुट्टीत आई बघायची तिला. माझी आई. ती त्या जानेवारीत गेली. मार्च आला तेव्हा आमच्या लक्षात आलं की मे महिन्यात ही पोरगी दिवसभर कोणापाशी राहणार, याचं उत्तर आपल्याकडे नाही. वैशालीला तेवढी रजा नाही. मावशींना पाऊण तासच झेपतो. आणि माझा तोच हंगाम, आधी जयंती, मग लग्नं, सगळ्या पुण्यातले फुटके स्पीकर माझ्या जिन्यात, दिवसभर इथे टेस्टिंग, तिला इथे आणलं तर ती मरेल भीतीनं. वैशाली म्हणाली, नाही जमलं कुठे तर नोकरी सोडते. ते ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं, ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

मग आम्ही शिबिरं शोधायला लागलो. पहिलं आमच्या जवळच्याच सोसायटीतलं. पत्रकावर लिहिलेलं, सर्व मुलांचे स्वागत आहे. गेलो यशूला घेऊन. तिथल्या मॅडम छान बोलल्या, यशू खुर्चीभोवती गोल गोल फिरत होती, त्या बोलता बोलता तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, आमच्याकडे तसा स्टाफ नाहीये हो, आणि बाकीच्या पालकांचाही विचार करावा लागतो. मी म्हटलं, पत्रकावर सर्व मुलांचे आहे. त्या म्हणाल्या, ते छापताना टाकतातच. मी म्हटलं, बरं. राग आला, पण खोटं तर त्या बोलल्या नव्हत्या.

दुसरं वाघोलीकडे, मोठं, एसी बस, पोहण्याचा तलाव, दोन घोडे. तिथे खास मुलांची वेगळी बॅच होती, आम्हाला वाटलं, झालं काम. वैशाली फॉर्म घेऊन पेन उघडून बसली. मी म्हटलं थांब, आपण चालवून बघितल्याशिवाय काही घेत नाही. फाटकाबाहेर तासभर उभा राहिलो. आत सकाळपासून गाणी लावलेली, मैदानाच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर, त्यातल्या एकाचा पडदा फाटलेला, चर्र चर्र. आत जाऊन विचारलं, गाणी बंद असतात का कधी. तो पोरगा म्हणाला, नाही सर, डोन्ट वरी, फुल टाइम म्युझिक असतं, मुलं एन्जॉय करतात. खास बॅचची मुलंही एन्जॉय करतात का, तर म्हणाला, सगळेच. मी वैशालीला म्हटलं, पेन बंद कर. परत येताना बसमध्ये ती खिडकीतून मागे वळून बघत होती, घोडे तिच्या मनात भरले होते बहुतेक.

तिसरं यशूच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मेधाताई म्हणून आहेत, आयुष्यभर अशा मुलांना शिकवलं, आता निवृत्त झाल्यावर स्वतःच्या बंगल्यात उन्हाळ्याचे सहा आठवडे दहा मुलं घेतात, दहाच. मातीकाम, झाडांना पाणी, डबा, थोडं झोपणं, बस्स. घोडे नाहीत. गाणी नाहीत. तिथेही मी तासभर उभा राहिलो, आवाज म्हणाल तर नळाचा. मी वैशालीला म्हटलं, हेच. जागा एकच उरली होती आणि ती हवी असणारे आमच्याशिवाय अजून दोघं होते. ताई म्हणाल्या, फॉर्म नीट भरून आणा, मी तो वाचूनच ठरवते.

फॉर्म साधाच होता, एकच मोठा रकाना, आपल्या पाल्याविषयी लिहा. मी दुकानात बसून लिहिला. आणि मी काय केलं असेल, मला दुसरं काय येतं, मी कंप्लेंट लिहिल्या. एकपासून नंबर टाकून. चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. नजर देत नाही. आवाज सहन होत नाही. बाही ओली झाली की झगा फाडते. ताटात दोन पदार्थ एकमेकांना लागले तर जेवत नाही. अनोळखी माणसाला चावलेली आहे, एकदा. संध्याकाळी विनाकारण अर्धा तास दार बडवते. असे सतरा झाले. काही लपवलं नाही, उद्या त्यांनी म्हणायला नको की हे तुम्ही सांगितलं नव्हतं. सही केली आणि मला खरंच वाटत होतं की असा प्रामाणिक फॉर्म दुसऱ्या कोणी भरलेला नसणार.

ताईंनी माझ्यासमोर वाचला, सतराच्या सतरा. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, हे सगळं खरं असेल हो, पण ही मुलगी उद्या माझ्या दारात आली तर मी हिला ओळखू कशावरून? तिला पाणी हवं असलं की ती काय करते? खूश झाली हे तुम्हाला कसं कळतं?

खूश झाली हे कसं कळतं. मला माहीत नव्हतं. सेट बंद का पडतो हे मला जिन्यातून आवाज ऐकून कळतं, आणि अकरा वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. लाज वाटली मला, स्पष्ट सांगतो. ताईंनी दुसरा कोरा फॉर्म दिला आणि म्हणाल्या, सोमवारपर्यंत जागा ठेवते, त्यानंतर नाही.

वैशाली म्हणाली, मी सांगते, तुम्ही लिहा. मी म्हटलं, नको, मला बघू दे. शुक्रवारी दुकान बंद ठेवलं, ऐन जयंतीच्या तोंडावर, मंडळाची पोरं फोन करून करून दमली. सकाळी तिला शाळेत जाण्याआधी बघितलं, काही केलं नाही, नुसता बसून बघत होतो. पाण्याचा पेला आधी गालाला लावते, गार लागला तरच पिते. कुकरची शिट्टी होणार हे तिला आपल्याआधी कळतं, ती आधीच कान झाकते आणि शिट्टी संपली की हसते, अगदी थोडं, बघत नसाल तर दिसणार नाही. बाहेर जायचं असलं की माझी चप्पल आणून देते, एकच, डावी. मी आजवर ती चप्पल जागेवर नेऊन ठेवत होतो आणि तिला ओरडत होतो.

साडेपाचला व्हॅन आली. मावशींना म्हटलं, आज तुम्ही घरीच राहा, मी आहे. पावणेसहाला ती दारापाशी गेली आणि सुरू झाली. मी उठलो होतो तिला धरायला, मग बसलो परत. ती बडवत नव्हती हो. तळहाताने तीनदा मारायची, टक टक टक, मग थांबायची आणि दाराला कान लावायची. मग परत तीनदा. परत कान. बिनडोक आदळआपट करणारा माणूस मध्ये थांबून ऐकेल कशाला? आमच्याकडे बेल नाही, कोणीही आलं की दार वाजतं, दार वाजलं की माणूस दिसतो, हे तिने बघितलेलं. तर तिला आई हवी होती म्हणून ती आतून दार वाजवत होती. आणि तिच्या लेखी ते रोज लागूही पडत होतं, अर्धा तास वाजवलं की खरंच आई यायची. मावशी म्हणायच्या विनाकारण, मी तेच ऐकून विनाकारण लिहिलं, फॉर्मवर, सही करून.

सव्वासहाला वैशाली आली. तिने बाहेरून वाजवलं, यशूने आतून वाजवलं, मी दार उघडलं. वैशालीने विचारलं, काय झालं, रडताय काय. मी म्हटलं, काही नाही, कांदा चिरत होतो. घरात कांदाच नव्हता.

मग दुसरा फॉर्म लिहिला. नंबर टाकले नाहीत. पेला, कुकर, डावी चप्पल, दार. चावली होती तेही लिहिलं, का चावली होती ते वैशालीला विचारून लिहिलं. सोमवारी ताईंनी वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, एक तारखेला साडेनऊला आणा, पेला घरचाच द्या.

पहिले चार दिवस तिथे दार वाजवलं तिने, ताई म्हणे दुसऱ्या बाजूने जाऊन तसंच वाजवून उत्तर द्यायच्या आणि उघडायच्या. पाचव्या दिवशी वाजवलं नाही. वैशालीची नोकरी राहिली. मी इथे लग्नांचे स्पीकर दुरुस्त करत बसलो, फोन टेबलावर समोर ठेवून, तो वाजला की हातातलं काम टाकून उचलायचो, पण दर वेळी मंडळवालेच.

शिबिर संपलं तेव्हा ताईंनी माझा फॉर्म परत दिला. मी लिहिलं होतं त्याच्याखाली त्यांनी त्यांच्या अक्षरात भर घातली होती, सहा आठवड्यांत त्यांना जे दिसलं ते. मोगऱ्याच्या कुंडीला पाणी आधी घालते, बाकीच्यांना नंतर. एका मुलाचा हात धरते, त्याचाच. आणि शेवटी एक ओळ, डबा खायला बसली की फाटकाकडे बघून बाबा म्हणते, रोज नाही, पण म्हणते.

हा शब्द तिने घरात कधी काढलेला नाही. अकरा वर्षांत नाही. मी ताईंना विचारलं, नक्की का. त्या म्हणाल्या, अहो, मी काय तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीन का. नाही लिहिणार त्या, तशा बाई नाहीत.

या वर्षी परत तिथेच घातलंय, आता दुसरा आठवडा चालू आहे. म्हणते अजून, ताई सांगतात. वैशाली मागे लागलीय, जाऊन ऐका तरी एकदा, ताईसुद्धा म्हणाल्या की स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभे राहा, तिला दिसणार नाही तुम्ही. मी नाही गेलो. मी तिथे गेलेलो तिला कळल्याशिवाय राहणार नाही, आणि बाप जवळ आहे म्हटल्यावर ती कशाला हाक मारेल. घरी मी समोरच असतो, म्हणून घरी लागत नसेल तो शब्द, असं मी आपलं धरून चालतो. पुढे बोलेल का, मोठी झाल्यावर कसं, आमच्यानंतर कसं, ते मला माहीत नाही आणि कोणाला माहीत असेल असं वाटत नाही. सुखात राहू दे तिला, एवढंच. आता साडेबारा झाले बघा, तिकडे डबे उघडले असतील. म्हणत असेल, नसेलही. मी इथे बसतो.